टी-टॉटचा शागीर्द

हँक विल्यम्सचं नाव झाल्यावर त्याला पहिली गिटार आपणच दिली असं सांगणारे बरेच जण पुढे आले. आई म्हणायची, मी घेऊन दिली. गावातला मोटारींचा विक्रेता तेच सांगायचा, आणि एक दुकानदारही. गिटार वाजवायला कुणी शिकवलं, यावर मात्र असा वाद फारसा झाला नाही, कारण त्याचं उत्तर हँकने स्वतःच देऊन ठेवलं होतं. कीर्तीच्या ऐन भरात त्याने पत्रकारांना सांगितलं, की संगीताचं माझं जे काही शिक्षण झालं ते एकाच माणसाकडून झालं. त्यांचं नाव रुफस पेन. ते रस्त्यावर गिटार वाजवून चार पैसे मिळवत, आणि ते कृष्णवर्णीय होते.

हे त्याने अलाबामात सांगितलं. शाळा, दवाखाने, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळसुद्धा गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, अशा त्या राज्यात. कंट्री संगीत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या, गरीब, खेडवळ माणसांचं संगीत अशी समजूत तेव्हा पक्की होती. आजही ती बरीच टिकून आहे. हँक विल्यम्स हा त्या संगीताचा सर्वांत मोठा गायक-गीतकार मानला जातो. २९ वर्षांचं आयुष्य मिळालेल्या या माणसाची गाणी दूरदूर गेली. मुंबईत वाढलेल्या उषा उत्थुप यांनी १९६८ मध्ये आपल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ‘जंबलाया’ गायलं, ते मुळात हँकचं, १९५२चं. असा गायक घडला कसा हे पाहायला बसलं, की कंट्रीबद्दलची ती समजूत फार वेळ उभी राहत नाही.

हायरम विल्यम्सचा जन्म १७ सप्टेंबर १९२३चा, अलाबामाच्या बटलर काउंटीतल्या माउंट ऑलिव्ह वस्तीचा. पाठीच्या कण्यातला एक दोष तो जन्मतःच घेऊन आला होता. स्पायना बायफिडा ऑकल्टा असं त्याचं वैद्यकीय नाव. यात मणक्याचं हाड मागच्या बाजूने नीट मिटलेलं नसतं. अंगमेहनतीची कामं आणि खेळ त्याच्यासाठी जवळपास बंदच झाले, आणि कंबरदुखी जन्मभर पाठीशी लागली. वडील लॉन लाकूड कंपनीच्या रेल्वेवर इंजिन चालवायचे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या डोक्याला मार लागला होता. १९३०च्या सुमारास त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू लुळे पडू लागले, ते माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झाले आणि पुढची सुमारे आठ वर्षं तिथेच राहिले. म्हणजे कळत्या वयातलं हँकचं सगळं बालपण वडिलांवाचून गेलं.

घर ओढलं ते आईने. लिली विल्यम्स ही धिप्पाड, करारी बाई. मिळेल ते काम तिने केलं आणि पुढे खानावळीसह भाड्याच्या खोल्या चालवल्या. माउंट ऑलिव्हच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये ती ऑर्गन वाजवायची, आणि छोटा हँक तिच्या शेजारी त्याच बाकावर बसून गळा फोडून गायचा. त्याच्या कानावर पडलेलं पहिलं संगीत हे असं: चार ओळींची सरळ कडवी, कुणालाही धरता येईल अशी चाल, आणि शब्द स्वच्छ कळलेच पाहिजेत हा आग्रह. पुढे त्याने दारू, विरह, घरातली भांडणं यांवर शेकडो ओळी लिहिल्या, पण बांधणी शेवटपर्यंत त्या चर्चगीतांसारखीच साधी राहिली. ‘आय सॉ द लाइट’सारखी भक्तिगीतं तर त्याने थेट त्याच वळणाची रचली.

मग कुटुंब जॉर्जियाना गावात आलं. देशभर मंदी होती. मुलगा शेंगदाणे विकायचा, लोकांचे बूट पॉलिश करायचा. मधलं एक वर्ष तो नातेवाइकांकडे एका लाकूडतोड्यांच्या वस्तीत राहिला, आणि नात्यातल्या अ‍ॅलिस मॅक्नील यांनी त्याला गिटारवर काही सूर धरायला दाखवले. शनिवारी रात्रीचे नाच त्याने तिथेच पाहिले. दारूची पहिली चवही तिथलीच.

रुफस पेन यांची गाठ पडली ती यानंतर, हँक दहा-बारा वर्षांचा असताना. पेन तेव्हा पन्नाशीचे होते. जन्म अलाबामाचाच, लाउन्ड्स काउंटीतल्या एका मळ्यावरचा, पण लहानपण गेलं न्यू ऑर्लिन्समध्ये, नेमकं जॅझ आकार घेत होतं त्या वर्षांत. पुढे ते ग्रीनव्हिलला येऊन स्थायिक झाले आणि रेल्वेने आसपासच्या गावांत जाऊन पदपथावर, दुकानांसमोर, कधी कुणा गोऱ्यांच्या मेजवानीत गायचे. गावभर त्यांना टी-टॉट म्हणत. हँक त्यांच्या मागे मागे फिरायचा. बुटांच्या पॉलिशचे जे काही सेंट जमत ते त्यांना द्यायचा, नसतील तेव्हा लिली त्यांना जेवू घालायची. गोऱ्या मुलाने काळ्या माणसाच्या मागे गाणं शिकत हिंडावं हे त्या गावात बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येणारं होतं. आपल्यामुळे या मुलाला आणि मुलामुळे आपल्याला त्रास होईल, ही काळजी पेन यांनाही वाटत असे, असं हँकच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. त्या काळातल्या अलाबामात ही काळजी अगदी खरी होती. त्रास झालाच असता तर त्याची मोठी किंमत पेन यांनाच मोजावी लागली असती.

त्यांनी शिकवलं काय? वेगवान बोटांची करामत नाही. हँक जन्मभर साधाच गिटारवादक राहिला आणि त्याला स्वरलिपी कधीच वाचता आली नाही. त्याला मिळाला तो ब्लूज. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मधली, तशीच दोन निषादांच्या मधली जी जागा असते, तिथे ब्लूज गाणारा स्वर ठेवतो. पियानोवर ती जागा नाही. गळ्यात आहे, आणि तार बोटाने ओढली तर गिटारवर आहे. युरोपातून आलेल्या चर्चगीताला हा स्वर माहीत नव्हता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या गाण्यातून तो अमेरिकेत रुजला. दुसरी गोष्ट ठेक्याची. गिटारच्या खालच्या तारांवर एक भक्कम, चालता ठेका धरायचा आणि वरून शब्द थोडे मागे-पुढे सोडायचे. तिसरी गोष्ट वर्गात शिकता येत नाही: समोरून जाणाऱ्या, थांबण्याचं काहीच कारण नसलेल्या माणसाला गाण्यासाठी थांबवणं. पुढे हँकला मंचावर पाहिलेले सगळेच सांगतात, की तो प्रेक्षकांकडे झुकून असा गायचा की प्रत्येकाला वाटे हे मलाच उद्देशून आहे. मला यात पदपथावरची तालीम दिसते.

पेन यांचं एकही ध्वनिमुद्रण झालं नाही. ‘माय बकेट्स गॉट अ होल इन इट’ हे जुनं गाणं हँक त्यांच्याकडून शिकला असं मानतात. हँकने ते १९४९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि त्यात गिटारचा एक छोटा एकलवादनाचा तुकडा स्वतः वाजवला. त्याच्या ध्वनिमुद्रणांत असं जवळजवळ कुठेच ऐकायला मिळत नाही.

अशी शागिर्दी हा अपवाद असता, तर ती एक हृद्य आठवण म्हणून सोडून देता आली असती. पण कंट्रीच्या मुळाशी जावं तिथे अशीच जोडी भेटते. कार्टर फॅमिली हे या संगीताचं पहिलं घराणं, त्यातले ए. पी. कार्टर डोंगराळ मुलखात गाणी गोळा करत हिंडायचे तेव्हा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असत. चाल एकदा ऐकून लक्षात ठेवायचं काम रिडल यांचं. ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेचा जनक बिल मन्रो केंटकीत आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाच्या साथीला गिटार वाजवत वाढला. जिमी रॉजर्स मिसिसिपीच्या रेल्वेवर काम करायचा. सोबतच्या काळ्या मजुरांचा ब्लूज त्याने उचलला, त्याला योडलची जोड दिली आणि १९२७ नंतर देशभर गाजला. बँजो तर वाद्यच आफ्रिकी वंशाचं. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक होता डीफोर्ड बेली, हार्मोनिका वाजवणारा कृष्णवर्णीय कलावंत.

मग हे गोऱ्यांचं संगीत ठरलं कसं? १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दक्षिणेत माल विकायचं ठरवलं तेव्हा त्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या. काळ्या गिऱ्हाइकांसाठी ‘रेस’, गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी ‘हिलबिली’. तीच चाल, तेच वाद्य, कधी तेच गाणंसुद्धा. गाणाऱ्याचा रंग बघून ते या किंवा त्या यादीत जाई. दुकानाची ही मांडणी लोकांच्या डोक्यात संगीताचा इतिहास म्हणून जाऊन बसली. मला तो इतिहासावरचा अन्याय वाटतो.

हँकच्या घडणीत रेडिओचा वाटाही मोठा. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्राची ताकद ५० हजार वॉट होती आणि शनिवारी रात्री ऑप्री अलाबामातल्या घराघरांत ऐकू येई. १९३८ मध्ये रॉय एकफ तिथे रुजू झाला. एकफ पूर्ण उघड्या गळ्याने, डोळ्यांत पाणी आणून गायचा. भावना दाखवायला त्याला संकोच नव्हता. हँकसाठी एकफ म्हणजे दैवत. त्याच्या आवाजातली ती कळवळ्याची तीक्ष्ण धार एकफकडून आलेली आहे. म्हणजे एका कानात टी-टॉटचा ब्लूज आणि दुसऱ्यात एकफचं आळवणं.

१९३७ मध्ये लिलीने बिऱ्हाड माँटगोमेरीला, राज्याच्या राजधानीत हलवलं आणि तिथे भाड्याच्या खोल्या सुरू केल्या. हायरम हे नाव गायकाला शोभत नाही म्हणून पोरगा हँक झाला. डब्ल्यूएसएफए या रेडिओ केंद्राच्या दारासमोर तो गिटार घेऊन गात राहिला. शेवटी केंद्राच्या लोकांनीच त्याला आत बोलावलं. एम्पायर थिएटरमधल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत त्याने स्वतः रचलेलं ‘डब्ल्यूपीए ब्लूज’ म्हटलं आणि १५ डॉलरचं बक्षीस जिंकलं. डब्ल्यूपीए ही मंदीत बेकारांना काम देणारी सरकारी योजना, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखी. चौदा वर्षांच्या मुलाचं पहिलं गाणं चालू घडामोडीवर होतं आणि त्याच्या नावात ब्लूज होता.

लवकरच त्याने स्वतःचा संच उभा केला, ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’. अलाबामात काउबॉय कुठले? पण सिनेमाच्या पडद्यावर तेव्हा गाणारे काउबॉय गाजत होते, आणि पोरांना टोप्या, बूट, सगळा थाट हवा होता. गाडी चालवणं, कार्यक्रम ठरवणं, दारावर उभं राहून तिकिटाचे पैसे घेणं, हे सगळं लिलीकडे. शाळा १९३९ मध्ये सुटली. कार्यक्रम व्हायचे ते गावाबाहेरच्या दारूच्या गुत्त्यांत, ज्यांना होन्की-टॉन्क म्हणत. तिथे बाटल्या फुटत, मारामाऱ्या होत, आणि त्या गोंगाटावर आवाज चढवावा लागे. वीज जोडलेली स्टील गिटार, चढा आवाज आणि ठसठशीत ठेका हे होन्की-टॉन्क शैलीचं रूप याच गरजेतून आलं. याच जागांनी हँकला दारूही लावली. पाठीचं दुखणं होतंच. १९४२ मध्ये दारूपायी रेडिओची नोकरी गेली. पाठीमुळे सैन्यात घेतलं नाही, तेव्हा मोबिलच्या जहाजबांधणीच्या गोदीत काही काळ काम केलं. १९४३ मध्ये ऑड्री शेपर्ड भेटली, पुढच्या वर्षी डिसेंबरात एका पेट्रोल पंपावर दोघांचं लग्न लागलं. तिला स्वतःला गायचं होतं, आणि नवऱ्याला नॅशव्हिलला पोचवायचंही होतं.

या काळात हँकने आपल्या गाण्यांची छोटी पुस्तकं छापून विकली. त्यांत नुसते शब्द. स्वरलिपी नाही, कारण ती लिहिणार कोण? सप्टेंबर १९४६ मध्ये नवरा-बायको नॅशव्हिलला एकफ-रोझ या प्रकाशन संस्थेत जाऊन थडकले. संस्थेतले एकफ म्हणजे हँकचं दैवत रॉय एकफच. दुसरे भागीदार फ्रेड रोझ, आणि त्यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सेंट लुइसमध्ये वाढलेला, शिकागोच्या रात्रीच्या क्लबांत पियानो वाजवलेला हा शहरी माणूस. न्यूयॉर्कच्या विनोदी गायिका सोफी टकर आणि हॉलिवूडचा गाणारा काउबॉय जीन ऑट्री या दोघांसाठीही त्यांनी गाणी लिहिली होती. खेड्यातल्या संगीताशी जन्माचं नातं नसलेल्या या कारागिराने हँकमधला कवी ओळखला. हँक गाणी घेऊन यायचा. रोझ एखादा अडखळणारा शब्द बदलायचे, मधल्या कडव्याला वळण द्यायचे, आणि बाकी हात लावायचे नाहीत. दुसऱ्याच्या लिखाणाला किती हात लावायचा हे कळणं ही संपादनातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि रोझ यांना ती साधली होती.

डिसेंबर १९४६ मध्ये स्टर्लिंग या छोट्या कंपनीसाठी हँकने पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित केली. लगोलग रोझ यांनी त्याला एमजीएम या मोठ्या कंपनीत नेलं, आणि १९४७चं ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’ त्याचं पहिलं गाजलेलं गाणं ठरलं. उशिरा घरी आल्यामुळे बायकोने बाहेर काढलेला नवरा कुत्र्याला म्हणतो, जरा सरक, मलाही तुझ्याच खोपटात झोपायचंय, असा त्याचा विषय. चाल म्हणजे बारा बारांचा अस्सल ब्लूज: चार-चार मात्रांचे बारा तुकडे, तीन मूळ स्वरसंघ, आणि पुन्हा पहिल्यापासून. टी-टॉटची शिकवण कंट्रीच्या यादीतून देशभर पोचली. १९५४ मध्ये बिल हेलीने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ गायलं तेव्हा त्याची चाल हँकच्या या गाण्याच्या किती जवळ आहे हे अनेकांच्या कानांनी टिपलं.

ऑप्रीला मात्र दारुडा गायक नको होता. म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हँक श्रीव्हपोर्टला गेला, नव्यानेच सुरू झालेल्या ‘लुइझियाना हेराइड’ कार्यक्रमात. तिथे तो एक गाणं म्हणू लागला आणि लोक त्याला खाली उतरू देईनात. ते गाणं त्याचं नव्हतंच.

‘लव्हसिक ब्लूज’ या गाण्याचा प्रवास मला त्याच्या स्वतःच्या कुठल्याही गाण्याइतकाच बोलका वाटतो. ते १९२२ मध्ये एका संगीतिकेसाठी लिहिलं क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांनी. मिल्स न्यूयॉर्कचे, स्थलांतरित ज्यू कुटुंबातले; पुढे जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचे व्यवस्थापक झाले. ते गाणं जॉर्जियाच्या एमेट मिलरने घेतलं. मिलर गोरा, पण तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांत गायचा. या खेळांमध्ये काळ्या माणसाची टिंगल होती, अपमान होता, आणि त्याच्याच संगीताची ओढही होती. अमेरिकी संगीताच्या इतिहासातली ही फार दुखरी जागा आहे. मिलरने गाण्यात आवाज मोडण्याची लकब आणली. आवाज छातीतून अचानक वर, पातळ स्वरात उडी घेतो आणि तितक्याच झटक्यात खाली येतो. १९३९ मध्ये अलाबामाच्या रेक्स ग्रिफिनने नुसत्या गिटारवर ते ध्वनिमुद्रित केलं आणि मूळ गाण्याचा ढाचा उलटा केला: धृपदाला मुख्य गाणं केलं आणि मूळ कडवं मध्यावर नेलं. हँकने ग्रिफिनचा ढाचा आणि मिलरची लकब दोन्ही घेतल्या, मागे होन्की-टॉन्कचा ठेका लावला.

१९४८ मध्ये जवळपास पूर्ण वर्षभर वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती. ती उठल्यावर सुमारे आठवड्याने, २२ डिसेंबरला, सिनसिनाटीच्या हर्झॉग स्टुडिओत हँकने हे गाणं काढलं. रोझ यांचा ठाम विरोध होता. हँक काही स्वर हवे तितके लांबवतो, मात्रा चुकतात, हे त्यांच्या शिकलेल्या कानाला सहन होईना. हँकने ऐकलं नाही. हेराइडच्या सभागृहात लोकांनी काय केलं हे त्याने पाहिलं होतं. संपादक चुकला आणि रस्त्यावर तयार झालेला गायक बरोबर ठरला, असा हा प्रसंग. १९४९ मध्ये गाणं ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

मग ऑप्रीनेही दार उघडलं. ११ जून १९४९ला नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात हँक पहिल्यांदा उभा राहिला आणि त्या गाण्याला सहा वन्समोअर मिळाले असं सांगतात. तो पंचविशीत होता. दोनच आठवड्यांनी, २५ जूनच्या अंकात ‘बिलबोर्ड’ने आपल्या याद्यांची नावं बदलली. ‘रेस’ची झाली ‘रिदम अँड ब्लूज’, आणि ज्या यादीत हँक होता ती ‘कंट्री अँड वेस्टर्न’. ‘रेस’ हे हिणकस नाव गेलं हे चांगलंच झालं. याद्या दोनच राहिल्या.

रुफस पेन मार्च १९३९ मध्ये माँटगोमेरीत वारले होते, म्हणजे शिष्याचं यश त्यांनी पाहिलं नाही. लिंकन दफनभूमीत त्यांची कबर नेमकी कुठली ही खूण राहिली नाही. नंतर हँकच्या मुलाच्या हातभाराने तिथे स्मारकशिला उभारली गेली. हँकही १ जानेवारी १९५३ला, कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या आसनावर वारला. १९६१ मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने पहिले तीन मानकरी निवडले: जिमी रॉजर्स, फ्रेड रोझ आणि हँक विल्यम्स. डीफोर्ड बेलीला तो मान मिळायला २००५ साल उजाडलं. पेन त्या यादीत नाहीत. ते असायला हवेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी वेगळा पुरावा गोळा करायची गरज नाही. त्यांच्या शिष्याने पत्रकारांपुढे दिलेली साक्ष छापील स्वरूपात उपलब्ध आहे.